सांदवाडीतला आंबा : एका घराच्या परसबागेचा प्रकरण अभ्यास

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातलं हे घर. शेत तीन एकर, कोरडवाहू, कापूस आणि तुरीचं. घरात चौघं: पस्तिशीतल्या वहिनी, त्यांची सासू (सगळं गाव त्यांना आजी म्हणतं), नववीतली मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. घर उत्तरमुखी आहे. मागे दक्षिणेला ३० बाय ४५ फुटांची सांदवाडी, म्हणजे परसबाग, आणि तिच्या बरोबर मध्यभागी एक गावरान आंबा. या आंब्यावरून घरात जो पेच पडला, त्याची ही नोंद. परसबागेच्या कामानिमित्त मी वर्ध्याच्या आसपासच्या बचत गटांच्या बायांसोबत असते. वाफे कसे घालावेत, पाणी कुठून वळवावं एवढंच सांगायला मला बोलावलं होतं. पण इथे वाफ्यांचा प्रश्न आधी सुटणार नव्हताच.

सहा वर्षांपूर्वी, मृगाच्या तोंडावर, वहिनींचे यजमान शेतात वीज पडून गेले. पाऊस आला म्हणून धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) आंब्याखाली उभे राहिले होते. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये, हे आता गावातल्या प्रत्येक लेकराला तोंडपाठ आहे. तेव्हाही बहुतेकांना माहीत होतं. पण भर पावसात उघड्या रानात दुसरा आडोसा कोणता? नैसर्गिक आपत्तीतल्या मृत्यूसाठी सरकारची चार लाखांची मदत मिळते, ती मिळाली. त्यातून कर्ज फिटलं आणि उरलेले पैसे लेकरांच्या नावानं ठेवले. शेत मक्त्यानं (भाडेपट्ट्यानं) दिलं. त्या धुऱ्याकडे जायला वहिनींचे पाय उचलत नव्हते.

तेरवीच्या आधी रक्षा नदीत सोडली. मूठभर मात्र आजींनी मागे ठेवली. धुऱ्यावरच्या त्याच झाडाची एक कोय त्यांनी आदल्या वर्षी पत्र्याच्या डब्यात रुजवली होती. ते रोप आणि ती मूठभर रक्षा सांदवाडीच्या मधोमध खड्डा करून लावली. रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा घरच्या आवारात झाडाखाली द्यायची रीत आता आपल्याकडे अनेक घरांनी धरली आहे आणि मला ती मनापासून पटते. इथे एक गोष्ट मात्र कोणी बोललं नव्हतं. ज्या झाडाखाली माणूस गेला, त्याच झाडाचं लेकरू दारामागे लावणं वहिनींच्या मनाला लागलं होतं. आजींना त्या झाडात मुलगा दिसत होता, वहिनींना तो दिवस. दोघी एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या, पण यावर एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या वर्षी दिरानं स्वतःच्या खर्चानं आंब्याभोवती सिमेंटचा ओटा बांधला. वर फरशी बसवली, समोर नावाची पाटी लावली.

कुठे अडलं

शेत मक्त्यानं गेल्यावर वहिनी निंदणाला, कापूस वेचायला मजुरीनं जाऊ लागल्या आणि सांदवाडीत भाजीपाला लावू लागल्या. पहिली तीन वर्षं मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), वांगी, भेदरं (टोमॅटो) चांगली आली. घरचं खाऊन उरलेलं दारावर आणि आठवडी बाजारात विकलं जायचं. नंतर हिवाळी भाजी बसू लागली. मी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “जमीन दमली वाटते ताई. शेणखत टाकून राह्यली तरी मेथी नुसती लांबून राह्यली.”

मेथी खरंच लांबट आणि फिकट होती. सांबाराला पानं थोडी आणि देठ जास्त. खताच्या कमतरतेचं हे लक्षण नव्हतं, उन्हाच्या कमतरतेचं होतं. वाफे घरालगत, म्हणजे आंब्याच्या उत्तरेला होते, कारण पाणी तिथे जवळ पडतं. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा झाड जितकं उंच, जवळपास तितकीच लांब सावली उत्तरेला पडते. आंबा बारा-तेरा फुटांचा झाला होता आणि त्याची सावली नेमकी वाफ्यांवर येत होती, तीही भाजीचा खरा हंगाम असताना. मे अखेरीला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा सावली झाडाखालीच राहते. पण तेव्हा विहिरी आटलेल्या असतात आणि वाफेही रिकामेच.

त्यातच गावात एक कुजबुज होती. दोघी-तिघींनी या घरची भाजी घेणं सोडलं होतं. राखेच्या जागेवरची भाजी चुलीवर कशी चढवायची, असं त्यांचं म्हणणं. वहिनींना हे ठाऊक होतं आणि बाजारात बसताना त्यांची मान खाली जायची. मला वाटतं, या घराचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होत होतं. पैशाचं नंतर.

दिराच्या मनात वेगळंच होतं. ओटा मोठा करायचा, वर पत्र्याचं शेड घालायचं, भोवती जाळी मारायची. आजींचीही इच्छा होती की तिथे कोणी चपला घालून जाऊ नये. म्हणजे सांदवाडीचा मधला चांगला तुकडा अडवून ठेवायचा आणि कडेच्या पट्ट्यांत भाजी काढायची. आणि वहिनी एकदा एकट्या असताना हळूच म्हणाल्या, “झाड काढता येत नाही, हे मलेही समजते.”

आधी कागद

आखणीला हात घालण्याआधी मी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घर-जागा कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा, पाहायला मागितला. घर आणि सांदवाडी अजून आजींच्या दिवंगत यजमानांच्या नावावर होती. पक्की झाडं, हौद, कुंपण यांवर पैसा घालायचा आणि जागेवर नावच नसायचं, हे बायांच्या बाबतीत मी फार पाहिलं आहे. दहा वर्षांनी वाटणी निघते आणि जिनं झाडं वाढवली तिच्याच हाती काही राहत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि त्यांचा वाटा सारखा असतो. मुलगा वडिलांनंतर गेला असेल, तर त्याच्या वाट्यात त्याच्या पत्नीचा आणि लेकरांचा हक्क येतोच. दीर समजूतदार निघाला. वारस नोंदीचा अर्ज त्यानंच लिहून आणला आणि आजींचा अंगठा घेतला. ज्या घरात असा दीर नसतो, तिथे या एका कागदासाठी पुढचं सगळं थांबवून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेवाग्रामची फेरी

गटाच्या बायांसोबत आम्ही एकदा सेवाग्रामला गेलो. आजी आल्या आणि दीरही. वर्ध्याची माणसं सेवाग्रामला शाळेत असताना जातात, मग फारशी जात नाहीत. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, त्या वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ अजून आवारात उभा आहे. त्याला जाळी नाही, वर शेड नाही. माणसं त्याच्या सावलीतून ये-जा करतात. कुट्या मातीच्या, बांबूच्या आणि कवेलूच्या, आणि दरवर्षी हात फिरवून राखलेल्या. मी तिथे काही समजावून सांगितलं नाही. परत येताना जीपमध्ये आनंदवनाचा विषय निघाला. बाबा आमटे २००८ साली गेले तेव्हा त्यांना दहन केलं नाही. १९४९ पासून जी जमीन त्यांनी आणि कुष्ठरोग्यांनी मिळून पिकवली, तिच्याच मातीत त्यांना ठेवलं. आजूबाजूला शेती चालू, कामं चालू. दिरानं विचारलं, “तिथचं धान्य लोकं खातात ना?” खातात, हे त्यालाही माहीत होतं. प्रश्न बहुधा भावाच्या झाडाबद्दलचा होता.

मी जे या घराला सांगितलं ते इतकंच. अडवून ठेवलेली जागा वर्षातून दोनदा झाडली जाते आणि बाकीचे दिवस तिथे पालापाचोळा साठतो. ज्या झाडाखालून रोज जावं लागतं, ज्याला रोज पाणी घालावं लागतं, त्याच्याजवळ माणूस आपोआप थांबतो. आंबा बागेत राहू द्या, बागेबाहेर काढू नका.

ओटा आणि करवत

ओट्याचं सिमेंट थेट बुंध्याला टेकलं होतं. पावसाचं पाणी मुळांपर्यंत जात नव्हतं आणि फरशीखालून उदईची (वाळवीची) माती बुंध्यावर चढू लागली होती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावरचा ओटा कधी ना कधी तडकतोच, तसा हा एका बाजूनं तडकलाही होता. फोडायला हवा हे उघड होतं. पण दीर म्हणाला, “माह्या भावासाठी मी येवढंच करू शकलो, ताई.” यावर उदईचं कारण सांगून भागत नाही. आम्ही महिनाभर तो विषय काढलाच नाही. मग एका दुपारी तो स्वतःच घण घेऊन आला. आतली गोल पट्टी फोडून बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी केली, बाहेरच्या कडेला सिमेंटशिवाय दगडांची कोरडी रचाई केली. निघालेल्या फरशा सांदवाडीतल्या पायवाटेला लागल्या. नावाची पाटी घराच्या मागच्या भिंतीवर, न्हाणीकडे जाताना दिसेल अशी बसवली. हौदही त्यानंच बांधून दिला.

छाटणी अवघड गेली. खालच्या तीन फांद्या काढल्या असत्या तर सकाळचं तिरपं ऊन झाडाखालून वाफ्यांपर्यंत पोहोचलं असतं. मी हे म्हटलं तशा आजी उठून उभ्या राहिल्या. “माह्या लेकराच्या आंगाले करवत लावतं का व, बाई?” त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मी करवत पिशवीत ठेवली.

त्या संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा सासूशी त्या झाडाबद्दल बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की दोन फांद्या काढा, तिसरी राहू द्या. तिसरी फांदी पूर्वेची, आजींच्या खाटेच्या बाजूची. दोन फांद्या बुंध्यालगत स्वच्छ कापल्या, जखमांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. पेस्ट आजींनी लावली, बोटांनी, अगदी कडांपर्यंत. तिसरी फांदी आहे तशी आहे. तिच्या सावलीत येणारा वाफा आम्हीच हलवला.

नवी मांडणी

ऊन लागणारं सगळं आंब्याच्या दक्षिणेला नेलं: मेथी, पालक, सांबार, वांगी, भेदरं आणि झेंडूची एक पट्टी. अंतर वाढलं म्हणून हौदापासून पाइप टाकला. वाफे उंच, म्हणजे गादीवाफे केले, कारण काळ्या मातीत श्रावणात पाणी साचलं की मुळं गुदमरतात. पश्चिमेच्या कुंपणाला शेवगा आणि तुरीची ओळ लावली, म्हणजे मार्चपासून दुपारनंतरचं भाजणारं ऊन वाफ्यांवर थेट येत नाही. कुंपण पऱ्हाट्यांचं (कापसाच्या वाळल्या काड्यांचं), त्यावर बरबटी (चवळी) आणि दोडक्याचे वेल. न्हाणीच्या पाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ. साबणाचं पाणी पालेभाजीला द्यायचं नाही, हे मुलीनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरलं आणि गोडलिंब (कढीपत्ता), मोगरा अशा कायमच्या झाडांपाशी तळाला भोक पाडलेली मडकी पुरली.

उरली ती उत्तरेची पट्टी, आंब्याच्या सावलीची. तिथे हळद घातली.

हळदीला थोडी सावली चालते. वर्धा जिल्ह्याची स्वतःची हळद आहे, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंगानं गडद, कुरकुमिन भरपूर. बेणं तिकडूनच आणलं. रोहिणी-मृगात गड्डे लावायचे, पोळ्यापर्यंत पानं कमरेला येतात, आणि पौष-माघात पानं वाळून आडवी पडली की खणायचं. पहिल्या खणणीला वहिनींनी कुदळ लावली नाही. हातानं माती बाजूला सारत एकेक गड्डा काढला, बोटं मनगटापर्यंत पिवळी. मोठ्या कढईत गड्डे उकळले, काडी सहज टोचली गेली की उतरवले, मग अंगणात दहा-पंधरा दिवसांचं ऊन. वाळलेली हळकुंडं गोणपाटात घालून घासली, त्यानं वरचं साल निघतं. दळून पाव-पाव किलोच्या पुड्या केल्या.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं होतं, तिच्या घरची हळद आता गावातल्या बायांच्या करंड्यात होती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रकानं मनं एका दिवसात बदलत नाहीत. या गावात बचत गटानं संक्रांतीचं वाण सगळ्या बायांना द्यायचं ठरवलं. वहिनी गेल्या आणि वाण म्हणून हळदीची पुडी दिली. दोघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या.

भाजीबद्दलची कुजबुजही अशीच हळूहळू ओसरली. मी आधी शास्त्र सांगून पाहिलं. हाडांच्या राखेत मुख्यतः चुन्याचा आणि स्फुरदाचा अंश असतो. मूठभर राख खोल खड्ड्यात, माती आणि कुजलेल्या खतात मिसळली तर झाडाला अपाय होत नाही. सगळी रक्षा एकाच रोपाच्या मुळाशी ओतली तर मात्र क्षारानं रोप जळू शकतं, आणि आपली माती तर आधीच चुनखडीची. हे सगळं खरं असूनही कोणी भाजी घ्यायला आलं नाही. भादव्यात शेजारच्या एका वयस्क बाईंनी महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांसाठी अंबाडी आणि कोहळं याच सांदवाडीतून नेलं. देवीच्या ताटात गेलेल्या भाजीला मग कोण नाव ठेवणार?

जमा आणि वजा

मुलीनं एक वही केली आहे. तिच्यात तीन रकाने: विकलं, खाल्लं, दिलं. आम्ही शिकवतो त्या हिशेबात दोनच रकाने असतात. तिसरा तिनं आपल्या मनानं घातला, कारण आजींनी ठरवून टाकलं आहे की आंब्याचं काही विकायचं नाही. झाडाला अजून फळ नाही. कोयीच्या आंब्याला सात-आठ वर्षं लागतातच. पण पहिला आंबा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घागरीवर ठेवायचा आणि बाकीचा वानोळा म्हणून आप्तांकडे, शेजारी, दिराकडे जायचा, हे पक्कं आहे. तोवर तिसऱ्या रकान्यात अळूची पानं, गोडलिंब आणि मोगऱ्याची फुलं येतात. विक्रीचं गणित पाहणाऱ्या एका पाहुण्यानं हा तोटा म्हटला. मला तो तोटा वाटत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत वहिनी अंधार पडेपर्यंत शेतात असतात, तेव्हा लेकरांना कोणाकडे जेवायला जायचं हा प्रश्न या घराला पडत नाही. तो याच रकान्यामुळे.

मिळकतीबद्दल मोघम बोलू नये म्हणून सरळ सांगते. पावसाळ्यापासून माघापर्यंत भाजीतून आठवड्याचा किराणा आणि गटाचा हप्ता निघतो. हळद वर्षातून एकदा येते, तिच्यावर दोन्ही लेकरांची शाळेची खरेदी होते. एप्रिल-मे जवळपास कोरडे जातात. पारा ४५ च्या वर गेला की हौदातलं पाणी केळी, गोडलिंब आणि आंब्यापुरतंच पुरतं. मजुरी सुटलेली नाही. परसबागेवर घर चालतं असं कोणी शिबिरात सांगितलं तर त्यावर विसंबू नये. ती कापसाच्या पैशाची वाट पाहण्याच्या महिन्यांत हात तंग होऊ देत नाही, आणि ताटात भाजी ठेवते. हे कमी नाही.

काही गोष्टी फसल्या. एरंडककडीची (पपईची) रोपं आग्नेयेच्या खोलगट कोपऱ्यात लावली होती. ऑगस्टच्या झडीत पाणी तुंबलं आणि बुंधे सडून सगळी गेली. झेंडू दसऱ्याला बरोबर फुलावर आला, पण त्या वर्षी तालुकाभर सगळ्यांचाच आला आणि दुपारनंतर बाजारात भाव उरला नाही. दुसऱ्या वर्षी अर्धी रोपं पंधरा दिवस उशिरा लावली, ती दिवाळीला गेली. वानरांवर उपाय सापडलेला नाही. शेवग्याचा कोवळा शेंडा आणि बरबटी ती ठेवत नाहीत. हळदीला तेवढी तोंड लावत नाहीत.

वारस नोंद झाली, नमुना आठवर आजींसोबत आणि दिरासोबत वहिनींचं आणि लेकरांचं नाव लागलं. शेताचा मक्ता या वर्षी संपतो. वहिनींनी पुन्हा द्यायचा नाही असं ठरवलं आहे. एक एकर स्वतः पाहणार, बाकी दिराच्या जोडीनं. धुऱ्यावरचा तो आंबा विजेनं अर्धा वाळला तरी उरलेल्या बाजूनं जिवंत आहे. पेरणीआधी वहिनी दिरासोबत तिकडे जाऊन आल्या.

हळदीच्या बेण्यातलं निम्मं यंदा गटातल्या दोघींना दिलं. त्यांच्या सांदवाडीत मोठं झाड नाही, फक्त पश्चिमेच्या भिंतीची सावली आहे आणि तीही दुपारनंतरची. तेवढ्यावर गड्डे किती भरतात, ते पौषात खणल्यावर कळेल.